माडाखालची सावली आणि गाडीचा पत्रा

मालवणात गाडी घेऊन आलेला पाहुणा पहिल्यांदा शोधतो ती माडाची सावली. ती महागात पडू शकते. २० मीटर उंचीवरून सुटलेला नारळ खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. वजन किलोभर किंवा जास्तच, आणि गाडीचा पत्रा १ मिलिमीटरसुद्धा जाड नसतो. टपाला पोचा, नाहीतर काचेला तडा. वाळक्या झावळीचं बूडही चांगलंच जड असतं. म्हणून गाडी लावण्याआधी घरमालकाला विचारावं, नारळ कधी काढले? उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ उन्हात लावावी. (फणसाबद्दल तर विचारूही नये.)

गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. चिरा खरखरीत, दाराची कड नुसती घासली तरी रंग सोलतो. गडग्याला चिकटून गाडी लावायची तर माणसं आधी उतरवावीत, मग आरसे मिटावेत.

डिसेंबरअखेरीस जेटीजवळ दाराला दार लागतं. तिथे रांगेचं टोक पकडावं, म्हणजे एक बाजू तरी वाचते. दुचाक्यांच्या घोळक्याशेजारी मात्र नको. हँडल नेमकं दाराच्या पत्र्याला लागतं. आंगणेवाडीच्या जत्रेला गाडीचं तोंड बाहेरच्या वाटेकडे ठेवावं. रात्री गर्दीत मागे घेतानाच जास्त ठोकाठोकी होते.

एवढं करूनही ओरखडा आलाच, तर इथे चालढकल नको. खाऱ्या हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो. गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करून लगेच रंगाचा हात द्यावा.