मुधोळ की राजापालयम?

भारतीय टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये देशी श्वानांवर चार तिकिटे काढली. हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजापालयम हे त्यांचे मानकरी. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’ कार्यक्रमातून देशी जातींचे श्वान पाळण्याचे आवाहन केले, त्यातही मुधोळ आणि राजापालयम यांची नावे होती. लॅब्राडोर आणि पामेरियनपलीकडे पाहू इच्छिणाऱ्या शहरी कुटुंबासमोर आज बहुधा या दोघांतूनच निवड करण्याचा प्रश्न येतो. दोघेही उंच, सडपातळ आणि देखणे. छायाचित्र पाहून निवड करणाऱ्याला फरक फक्त रंगाचा वाटतो. खरा फरक मात्र या श्वानांनी पिढ्यान् पिढ्या जे काम केले, त्यात आहे.

मुधोळ हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गाव. एकेकाळी घोरपडे घराण्याचे संस्थान. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजे मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातील शिकारी जमातींकडील हे श्वान हेरले, त्यांची पद्धतशीर पैदास केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. दख्खनच्या पठारावर हाच श्वान ‘कारवानी’ या नावाने ओळखला जातो आणि केसाळ प्रकाराला ‘पश्मी’ म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांवर त्याची नोंद ‘कारवान हाउंड’ अशी होते. त्यामुळे मुधोळ म्हणून विकत घेतलेल्या पिल्लाच्या कागदावर दुसरेच नाव पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

हा श्वान वासापेक्षा नजरेने शिकार करतो. खोल छाती, आत ओढलेले पोट, लवचीक कणा आणि लांब पाय ही सारी रचना वेगासाठी आहे. भरधाव धावताना प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. माळरानावर ससा दिसला की मालकाच्या आज्ञेची वाट पाहणे हे त्याचे काम नव्हतेच. शहरात सशाची जागा मांजर घेते किंवा स्कूटर घेते. एरवी शांत, फारसा न भुंकणारा आणि दिवसाचे कित्येक तास झोपून काढणारा मुधोळ अशा क्षणी हाक ऐकत नाही. रहदारीच्या रस्त्यावर त्याचा पट्टा सोडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. सदनिकेत तो राहू शकतो, हे खरे. परंतु जवळपास कुंपण घातलेले मैदान आणि रोज पहाटे उठणारा माणूस या दोन्ही गोष्टी हव्यात. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही, हेही पाहुण्यांचा राबता असलेल्या घराने ध्यानात घ्यावे.

राजापालयमचे मूळ तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यात. दुधासारखा पांढरा रंग, गुलाबी नाक आणि सोनेरी डोळे ही त्याची ओळख. देहयष्टी हाउंडचीच, पण हाडापेराने अधिक भक्कम. कारण त्याचे काम रानडुकराला भिडण्याचे आणि शेतावाड्याची राखण करण्याचे होते. संकट दिसले की मुधोळची वृत्ती धावण्याची, राजापालयमची अडून उभे राहण्याची. तो बहुधा एकाच माणसाला मालक मानतो. लिफ्टमध्ये रोज नवा चेहरा, दारात कुरिअरवाला, शेजारची धावती मुले हे सारे त्याच्या लेखी घुसखोरच. बंगल्याचे किंवा शेतघराचे आवार आणि श्वान हाताळण्याचा पूर्वानुभव असलेल्यालाच तो शोभतो. पहिलाच कुत्रा म्हणून त्याची निवड करणे हे, स्पष्टच सांगायचे तर, धाडस आहे.

त्यातच बहिरेपणाचा प्रश्न आहे. अंतर्कर्णातील रंगद्रव्य-पेशी श्रवणयंत्रणेच्या पोषणासाठी आवश्यक असतात. रंगद्रव्याच्या अभावाने पांढऱ्या झालेल्या श्वानांत या पेशी नसतील, तर जन्मानंतर काही आठवड्यांतच कानाची संवेदनक्षमता नष्ट होते. राजापालयममध्ये हा दोष आढळतो. बाजाराला शुभ्र पिल्लूच हवे असते, आणि नेमकी हीच मागणी दोषाला खतपाणी घालते. पिल्लू पाहायला गेल्यावर त्याची पाठ असताना किल्ल्या वाजवून पाहाव्यात. जमिनीवर पाय आपटू नये, कारण बहिऱ्या पिल्लाला कंप जाणवतो आणि ते वळून पाहते. एकाच कानाचा बहिरेपणा मात्र अशा परीक्षेत उघड होत नाही. त्यासाठी मेंदूच्या श्रवण-प्रतिसादाची तपासणी लागते. शिवाय गुलाबी त्वचेला कडक ऊन सोसत नाही.

मुधोळच्या बाबतीत धोका भेसळीचा आहे. वेगाच्या हौसेपायी ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्ले मुधोळ म्हणून खपवली जातात. मुधोळजवळील तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. शुद्ध पैदाशीबाबत तेथे चौकशी करता येते. शस्त्रक्रियेचा प्रसंग आलाच, तर पशुवैद्यकाला श्वानाची जात आधी सांगावी. ग्रेहाउंडसारख्या कमी चरबीच्या हाउंडमध्ये काही भूलऔषधांचा अंमल उतरायला बराच वेळ लागतो, हे सिद्ध झालेले आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीला स्थान उरले नाही आणि या दोन्ही जातींचे पिढीजात काम संपले. लष्कराने २०१६ मध्ये मेरठच्या केंद्रात मुधोळ पिल्लांना प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांना निदान नवे काम मिळाले. दिवाणखान्यात असे काही मिळत नाही. कंटाळलेला मुधोळ सोफा फाडतो, एकटा बांधलेला राजापालयम चावरा होतो आणि वर्षभरात त्याला ‘गावाकडे’ धाडले जाते. संख्येने थोडक्या उरलेल्या जातीतील एक सशक्त श्वान अशा वेळी पैदाशीतूनही बाद होतो.

सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास ज्यांना काढता येत नाहीत, त्यांनी या दोघांचाही विचार सोडावा. ज्यांना ते जमते, त्यांच्यापैकी सदनिकेत राहणाऱ्यांना मुधोळच अधिक सोयीचा. २०१७ च्या नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीपत्र मागावे आणि पिल्लाची आई समोर पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. आई दाखवण्याची टाळाटाळ झाली, तर तेथून रिकाम्या हाताने परतावे.