एकाच बँडसॉवर लाकूड आणि लोखंड?

ब्लेड बदलले की लाकडाच्या बँडसॉवर लोखंडही कापता येते, हा सुतारकाम आणि फॅब्रिकेशन एकाच शेडमध्ये करणाऱ्यांचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. मशीन घेताना मोटर किती एचपीची, ब्लेड केवढ्याला, एवढेच विचारले जाते. आधी विचारायला हवा तो ब्लेडचा वेग.

१४ इंची चाकांच्या लाकडाच्या बँडसॉवर ब्लेड मिनिटाला साधारण ९०० मीटर धावते. माइल्ड स्टीलचा भरीव बार बायमेटल ब्लेडने कापायला मिनिटाला ५० ते ७५ मीटर पुरे. स्टेनलेसला त्याच्याही निम्मा वेग. माइल्ड स्टीलपुरते पाहिले तरी फरक बारा ते अठरा पटींचा आहे. लाकडाच्या वेगाने लोखंड लावले की ठिणग्या उडतात आणि दातांची टोके निळी पडतात. मशीन बंद करून ते ब्लेड उजेडात तिरपे धरून पाहा: जिथे धार होती तिथे चकाकणारे सपाट ठिपके दिसतील. साध्या कार्बन स्टीलची धार २०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. बायमेटलच्या दातांची टोके हायस्पीड स्टीलची असल्याने ती ६०० अंशांच्या आसपास तग धरतात, पण भरीव लोखंडावर लाकडाचा वेग दिला तर तीही लवकरच जातात.

मात्र 'धातू' म्हणून सगळे एकाच पारड्यात टाकणेही चूक. अॅल्युमिनियमची पट्टी किंवा सेक्शन लाकडाच्या मशीनवर, लाकडाच्याच वेगाने चांगले कापले जाते. ब्लेडला मेण चोळावे, म्हणजे दातांच्या खाचांत धातू चिकटून बसत नाही. तुमचे धातूकाम अॅल्युमिनियमपुरतेच असेल, तर वेगळ्या मशीनची गरज नाही. खरी अडचण आहे लोखंडाची.

मग बरेच जण म्हणतात, 'फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह बसवू आणि स्पीड कमी करू.' हिशेब करून पाहा. ५० हर्ट्झला ९०० मीटर असेल, तर १० हर्ट्झला १८० मीटर होतात. ६० मीटरवर यायला ३-४ हर्ट्झपर्यंत उतरावे लागेल. तिथे मोटरची ताकद नावापुरती उरते, आणि तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने गारवाही मिळत नाही. मोटर तापते, जळते. शिवाय असा ड्राइव्ह तीन फेजच्या मोटरला लागतो. घरगुती कनेक्शनवरच्या कपॅसिटरवाल्या मोटरला तो चालत नाही. वेग पुल्यांनी किंवा गिअरबॉक्सने उतरवला, तर उलट ब्लेडची ओढ वाढते, आणि लोखंडाला तीच हवी असते. म्हणून दोन्ही कामांचे म्हणून मशीन घेणार असाल, तर आत गिअरबॉक्स किंवा मधला शाफ्ट आहे का, हे झाकण उघडून बघा आणि सर्वांत कमी वेग मिनिटाला किती मीटर, ते विचारा. उत्तर १०० च्या वर आले, तर ते मशीन लोखंडाचे नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो.

'बारीक दात्यांचे एकच ब्लेड दोन्हीला चालते' हेही खरे नाही. धातू कापताना निदान दोन-तीन दाते एका वेळी मालात असावे लागतात. ३ मिलिमीटरच्या अँगलला इंचाला ४ दात्यांचे ब्लेड लावले, तर कडेला अडकून दाते तुटतात; तिथे १८ ते २४ दाते हवेत. आता तेच १८ दात्यांचे ब्लेड सहा इंची सागवानात घाला. एका वेळी शंभरावर दाते लाकडात, आणि त्यांच्या चिमुकल्या खाचांत भुसा मावायला जागा नाही. ब्लेड तापते, लाकूड काळे पडते, काप वाकडा जातो. सहा इंची फाळीला इंचाला ३ दाते पुरतात.

हलक्या हाताने कापले की ब्लेड टिकते, ही समजूत लाकडातून आलेली आहे. नव्या ब्लेडला पहिले काही काप दाब कमी ठेवावा, हे बरोबर. पण पुढेही तसेच चालू ठेवले, तर दाते कापत नाहीत, नुसते घासतात. स्टेनलेस तर घासल्याने आणखी कडक होते. खाली पडणारा किस बघा. पांढरा, वळलेला किस म्हणजे काम नीट चालले आहे. नुसती पूड पडत असेल, तर दाब वाढवा. किस निळा किंवा तपकिरी असेल, तर वेग किंवा दाब कमी करा.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ती गोष्ट. लाकडाच्या मशीनच्या खालच्या झाकणात भुसा साचलेला असतो. त्यावर लोखंडाची ठिणगी पडली, तर आग आतल्या आत धुमसत राहते आणि शेड बंद करून गेल्यावर पेटते. लोखंड कापण्याआधी वरखाली दोन्ही झाकणे उघडून भुसा पूर्ण काढावा आणि भुसा ओढणाऱ्या यंत्राचा पाइप सोडवून ठेवावा. ही माझ्या दृष्टीने सूचना नाही, अट आहे. चाकांवरच्या रबरात किस रुततो, तोही ब्रशने काढायचा.

उलट दिशेचा प्रश्न सोपा आहे. लोखंडाच्या आडव्या बँडसॉवर लाकडाचा तुकडा कापला जातो, पण फार सावकाश. कूलंटने लाकूड भिजते. बाभळीसारख्या टॅनिनवाल्या लाकडावर लोखंडाच्या ओल्या किसाचे काळे डाग पडतात.

रोज दोन्ही कामे असतील, तर माझे मत दोन मशीनच्या बाजूने आहे: लाकडाला उभे, लोखंडाला छोटे आडवे. आडव्याला व्हाइस असतो, त्यामुळे गोल बार हातात फिरण्याची भीती जाते, आणि पाइप लावून दुसरे काम बघता येते. एकत्र मशीन त्यांनी घ्यावे ज्यांना लोखंड अधूनमधून आणि वळणावळणाचे कापायचे आहे. आणि ओंडके चिरण्याचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन या; आरागिरणीला परवाना लागतो.