लशीची सक्ती नेमकी कुणावर?

इचलकरंजीत कावीळ म्हटलं की अजूनही २०१२ सालचा उन्हाळा आठवतो. नळाला दूषित पाणी आलं, हजारोंना लागण झाली, माणसं दगावली. ती हिपॅटायटीस ई होती, पाण्यातून येणारी. तेव्हापासून इथल्या मनात कावीळ म्हणजे पाणी. त्यामुळे दवाखान्यातल्या मावशींना 'काविळीची लस घ्या' म्हटलं, की 'आम्ही पाणी उकळूनच पितो की' असं उत्तर येतं.

पण त्यांच्यासाठी असलेली लस वेगळ्या काविळीची, हिपॅटायटीस बीची. ती रक्तातून येते. दवाखान्यात ती कशी येते हे पाहायचं तर सकाळच्या पाळीत वॉर्डात थांबावं. इंजेक्शन दिल्यावर सुई कटरने तोडून पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात टाकायची असते. घाईत कुणी तिला टोपण लावायला जातं, एखादी सुई कापसासोबत पिवळ्या पिशवीत जाते. त्या पिशवीला गाठ मारून ती उचलतात मावशी, तीही पातळ हातमोज्यांनी. सुईवर बाधित रक्त असेल आणि टोचलेल्या माणसाने लस घेतलेली नसेल, तर हिपॅटायटीस बीचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. एचआयव्हीचा धोका हजारात तीनच्या आसपास असतो. भीती मात्र सगळ्यांना एचआयव्हीचीच.

या लशीचे तीन डोस. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. मधल्या काळात माणूस दवाखाना बदलतो आणि तिसरा डोस राहून जातो. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली की नाही हेही पाहता येतं. पण ही तपासणी होते, हेच अनेकांना माहीत नसतं.

अशा लशीची सक्ती असावी का, हा वाद करोनाच्या काळात पेटला. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासूनच, आणि सरकारने ते ऐच्छिक ठेवलं. तरी बाहेरच्यांना वाटायचं, यांना कसली भीती? भीती होतीच. नवी लस आणि व्हॉट्सॲपवरच्या अफवा हे एक कारण. दुसरं कारण साधं. नवरा यंत्रमागावर, बायको दवाखान्यात कंत्राटी, दोघांचाही खाडा झाला की पगार कापला जाणार. लशीने ताप आला तर तो दिवस कुणाच्या खात्यावर? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

इंग्लंडने वृद्धसेवा केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये करोना लशीची सक्ती केली आणि मार्च २०२२ मध्ये मागे घेतली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालायला सरकारला मोकळीक ठेवली.

या सगळ्या गदारोळात एक सक्ती आधीपासून कायद्यात आहे, हे कुणी बोलतच नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम सांगतात, की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा आरोग्य तपासणीही त्यानेच करायची. म्हणजे सक्ती आहे ती मालकावर. चार खाटांचा दवाखाना असो की मोठं हॉस्पिटल, झाडूवाल्या मामांपासून सिस्टरांपर्यंत सगळे यात येतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हिपॅटायटीस बीची लस कामाची अट असावी, पण खर्च मालकाचा, डोस कामाच्या वेळेत आणि तापाच्या दिवशी भरपगारी रजा. एवढं केल्यावर फारसं कुणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही. हे न करता नुसतं 'लस घ्या नाहीतर काम सोडा' म्हणणं हा कमजोरावर जोर आहे.

तोवर मावशी-मामांनी एवढं लक्षात ठेवावं. सुई टोचली तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, पिळायची नाही, तोंडात घालायची नाही. आणि त्याच पाळीत डॉक्टरांना सांगायचं. लस झालेली नसेल तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन आणि लस सोबत देता येते, आणि ती चोवीस तासांत मिळाली तर उत्तम. 'सांगितलं तर कामावरून काढतील' म्हणून दोन दिवस गप्प बसलं, तर तो वेळ हातून जातो.