गाण्यात पदवी घ्यायची म्हणजे काय?

बारावीचा निकाल लागतो तेव्हा मृग तोंडावर आलेला असतो. घरात बी-बियाण्याची ओढाताण चालू असते. नेमक्या अशा वेळी हरिपाठाला पेटी धरणारी मुलगी हळूच म्हणते, "आबा, मला गाण्यातच बी. ए. करायचं आहे."

आबा हातातले काम थांबवतात. "गाण्यात? अगं, गाणं देवळात म्हणायचं. त्याला कॉलेज कशाला?"

आबांची काळजी खोटी नाही. तीन-चार वर्षांचा खर्च, शहरातले राहणे आणि पुढे पोटापाण्याचे काय, हे सारे त्यांच्याच डोक्यावर असते. पण नुसते 'नाही' म्हणून मुलीचे समाधान होत नाही आणि नुसता हट्ट धरून आबांचे होत नाही. तेव्हा ही पदवी मागते तरी काय, हे दोघांनी आधी पाहावे.

प्रवेशाच्या वेळी

बारावी पास ही पहिली अट. परंतु संगीत हा मुख्य विषय घ्यायचा तर बहुतेक ठिकाणी गुणांच्या जोडीला आवाजाची किंवा हाताची चाचणी होते. सूर लावायला सांगतात, ताल धरायला सांगतात. सिनेमातले गाणे हुबेहूब म्हणता येणे एवढ्यावर भागत नाही. एखादा राग थोडा तरी मांडता आला पाहिजे.

शिकायचे काय?

अभ्यासाच्या दोन बाजू असतात. पहिली प्रत्यक्ष गायन-वादनाची. यमन, भूप, भैरव, भीमपलास अशा रागांपासून सुरुवात होते. रागात विलंबित ख्याल, द्रुत ख्याल, आलाप, ताना असे सारे बसवावे लागते. पुढे तराणा, धृपद, धमार येतात. परीक्षक समोर बसून राग विचारतात, दोन जवळच्या रागांतला फरक गाऊन दाखवायला सांगतात. हातावर ताल देऊन बोल म्हणायला लावतात. त्रितालाच्या १६ मात्रा, एकतालाच्या १२, झपतालाच्या १०, रूपकाच्या ७. हे सारे दुगुणीसह तोंडपाठ हवे. शिवाय श्रोत्यांपुढे बसून मैफलीसारखे गावे लागते.

दुसरी बाजू शास्त्राची. थाट, स्वर, श्रुती, घराणी, संगीताचा इतिहास यांवर लेखी पेपर असतात. पं. विष्णु नारायण भातखंडे आणि पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या स्वरलिपी लिहिता-वाचता याव्या लागतात.

यात खेड्यातल्या मुलांनी बिचकण्याचे कारण नाही. काकड आरतीच्या वेळी पहाटे आणि हरिपाठाच्या वेळी संध्याकाळी गाण्याचा रंग वेगळा असतो, हे त्यांच्या कानाला ठाऊक असते. भजनी ठेक्याच्या ८ मात्रा हातात मुरलेल्या असतात. कॉलेजात त्याच गोष्टींना नावे आणि नियम मिळतात.

तासांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आखलेल्या चौकटीप्रमाणे ३ वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, ४ वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. श्रेयांक म्हणजे क्रेडिट. व्याख्यानाचा आठवड्याला १ तास म्हणजे १ श्रेयांक. प्रात्यक्षिकाला मात्र तेवढ्याच श्रेयांकासाठी २ तास द्यावे लागतात. सत्र १५ आठवड्यांचे धरले तर ४ श्रेयांकांच्या एका प्रात्यक्षिकाचे १२० तास होतात. हे झाले वर्गातले. घरचा रियाज वेगळा, आणि परीक्षेत दिसतो तो रियाजच. मशागत चुकवलेल्या रानात पीक कसे येते, ते आपल्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ३ वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी मुख्य विषयाचे किमान ६० असतात. बाकीच्यांत दुसरा जोडविषय, भाषा, कौशल्याचे विषय येतात. गाणे घेतले म्हणजे इंग्रजी सुटली, असे समजू नये.

विशारद आणि पदवी

येथे पुष्कळांची गफलत होते. पलुसकर मूळचे आपल्या कुरुंदवाडचे, शिकले मिरजेला. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाण्याची शाळा सर्वांना खुली केली. १९३१ साली ते गेले. त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत मंडळाच्या ७ परीक्षा आहेत. तालुक्याच्या गावी शिकूनही त्या देता येतात, आणि पदवीच्या अभ्यासाला त्यांचा पाया फार उपयोगी पडतो.

पण विशारद मंडळाची, पदवी विद्यापीठाची. नोकरीच्या जाहिरातीत 'पदवीधर' असे लिहिले असेल तेथे विशारद चालेलच, असे धरून चालू नये. त्या कचेरीत आधी विचारून घ्यावे.

पुढे काय?

शाळेत शिक्षक व्हायचे तर पदवीनंतर बी. एड. लागते. कॉलेजात शिकवायला एम. ए. आणि नेट किंवा सेट. आकाशवाणीवर गायचे तर तिची स्वतंत्र ध्वनिचाचणी असते; तेथे पदवी नव्हे, गळा पाहतात. पुष्कळजण खाजगी शिकवण्या आणि साथसंगतीवर संसार चालवतात, पण त्यात जम बसायला वर्षे जातात. हे मुलांपासून लपवू नये.

आधी चौकशी करा

पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ पासून. मुलींसाठी एस. एन. डी. टी. विद्यापीठ आहे. कोठेही गेलात तरी चार गोष्टी विचारा: गुरू आठवड्यात किती तास समोर बसवतात? साथीला तबलजी असतो का? वसतिगृहात रियाजाला मुभा आहे का? फी आणि राहणे धरून वर्षाचा एकूण खर्च किती?

आणि घरी एक परीक्षा घ्या. मुलीला सहा महिने रोज पहाटे दोन तास बसू द्या. तेवढा वेळ तिला मोकळा ठेवा. धार-पाण्याला हाक मारू नका. सहा महिन्यांनी ती आपणहून बसत असेल, तर आबांनी पुढचा विचार करायला हरकत नाही. कंटाळली, तर दुसरा विषय घ्यावा. हरिपाठाची पेटी तिच्या हातून कोणी काढून घेणार नाही.