खेळातलं गणित, लेखांक ६ : बाद फेरीचं भाकीत

गेल्या आठवड्यात आपण साखळी सामन्यांची गुणतालिका वाचली. आता बाद फेरी.

कोपरखैरण्यात सेक्टर ४ मध्ये लोकमान्य टिळक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सेक्टर ८ मध्ये इंदिरा गांधी अभियांत्रिकी महाविद्यालय. जवळच्या वाशीतही कॉलेजांची रांगच आहे. त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची भाग्यपत्रिका जाहीर झाली की तिचा फोटो या भागातल्या मुलांच्या फोनवर फिरू लागतो आणि त्याखाली पैजा लागतात : अमुक कॉलेज उपांत्य फेरीत नक्की, तमुक पहिल्याच सामन्यात घरी. या लेखात मला त्या 'नक्की'बद्दल बोलायचं आहे. भाकीत करायचं असेल तर तो शब्द सोडून आकडा धरावा लागतो.

समजा स्पर्धेत १६ संघ आहेत. विजेत्याला ४ सामने जिंकावे लागतील. त्यातला एक संघ इतका सरस आहे की समोर कोणीही आलं तरी दर सामन्यात त्याच्या विजयाची शक्यता ८० टक्के. हा संघ करंडक उचलेल का? बहुतेक जण हो म्हणतील. पण ०.८ ला चार वेळा गुणा. उत्तर येतं ०.४१. सगळ्यात बलाढ्य संघ विजेता होण्यापेक्षा न होण्याची शक्यता जास्त आहे! एकेका सामन्यात तुमचा कौल बरोबर, तरी अंतिम विजेत्याचं नाव चुकलेलं, हे बाद फेरीत सहज घडतं. ते चुकलं म्हणून भाकीत वाईट होतं असं म्हणता येत नाही. स्पर्धेत संघ सोळापेक्षा कमी असले आणि या संघाला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली तर सामने तीनच उरतात आणि शक्यता ५१ टक्क्यांवर जाते. म्हणून भाग्यपत्रिका हातात आली की मी आधी पुढे चाल कोणाला आहे ते पाहतो, कॉलेजांची नावं नंतर.

हे ८० टक्के आणायचे कुठून? बुद्धिबळातली एक रीत इथे चालते. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी ती बसवली, १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने स्वीकारली. प्रत्येक संघाला एक गुणांक द्यायचा, सुरुवातीला सगळ्यांना १५००. दोन संघांत १०० चा फरक असेल तर वरच्याच्या विजयाची शक्यता ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६, ४०० चा असेल तर ९१. सामना झाला की गुणांक बदलायचे. एका सामन्यात जास्तीत जास्त २० गुण फिरतील असं ठरवलं, तर ७६ टक्केवाला संघ जिंकल्यावर त्याला जेमतेम ५ गुण मिळतात. तोच हरला तर १५ जातात आणि तेवढेच समोरच्याला मिळतात. अपेक्षित निकाल फारसं काही शिकवत नाही, अनपेक्षित निकाल खूप शिकवतो. एलोंच्या रीतीतलं हे मर्म मला फार आवडतं.

कॉलेजच्या संघाला ही रीत लावताना एक दुरुस्ती हवी. समजा मागच्या वर्षीच्या संघातले तिघे शेवटच्या वर्षाला होते, ते पदवी घेऊन नोकरीला लागले. जर्सीवरचं कॉलेजचं नाव तेच राहतं, आतला संघ बदलतो. म्हणून नव्या वर्षी प्रत्येक गुणांक १५०० च्या दिशेने बराच ओढून घ्यावा. नुसत्या कॉलेजच्या दबदब्यावर केलेली भाकितं इथेच फसतात.

बास्केटबॉलमध्ये भाकीत थोडं सोपं होतं, त्याचं कारण खेळाच्या घडणीतच आहे. फुटबॉलमध्ये अख्ख्या सामन्यात दोन-तीन गोल होतात आणि एखादा नशिबाने झालेला गोल निकाल फिरवतो. बास्केटबॉलच्या ४० मिनिटांत प्रत्येक संघाकडे चेंडू साठ-सत्तर वेळा येतो. इतक्या वेळा संधी मिळाली की नशिबाचे चढउतार बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरस संघ वर येतो. म्हणून दुबळ्या संघाचा हुशार प्रशिक्षक खेळ संथ करतो, चेंडू फिरवत वेळ काढतो. जितक्या कमी संधी, तितका नशिबाला वाव.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. गुणफरक हा नुसत्या जय-पराजयापेक्षा चांगला साक्षीदार आहे, पण फरक का पडला हे कळायला आणखी खोल जावं लागतं. अमेरिकन अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या पुस्तकात चार घटक मांडले : नेमबाजी, हातातून गमावलेले चेंडू, रिबाउंड आणि फ्री थ्रो. पहिल्याला त्यांनी ४० टक्के वजन दिलं, मग २५, २० आणि १५. आता आपल्या सामन्यांची अधिकृत गुणपत्रिका पाहा. मैदानी बास्केट झाली की चालू गुणसंख्येवर तिरकी रेघ, फ्री थ्रो पडला की भरीव ठिपका, तीन गुणांची फेक असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ, शिवाय फाउल आणि टाइमआउट. म्हणजे आत गेलेला प्रत्येक चेंडू तिथे आहे. हुकलेला चेंडू नाही, रिबाउंड नाही, गमावलेला चेंडूही नाही. चारपैकी तीन घटक समजायला जे लागतं तेच नेमकं कुठे उतरत नाही. मुलं वर्षभर घाम गाळतात आणि त्यातला निम्मा खेळ त्याच संध्याकाळी पुसला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. यासाठी यंत्र नको, सॉफ्टवेअर नको. राखीव खेळाडूंच्या बाकावर एक वही आणि लक्ष देऊन बसलेला एक विद्यार्थी पुरे.

काही गोष्टी मात्र वहीतही येत नाहीत. मुख्य खेळाडूची इंटर्नल परीक्षा सामन्याच्या दिवशीच आली तर? केटीचा, म्हणजे मागे राहिलेल्या विषयाचा, पेपर असेल तर? पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, मग त्याच्या जागी यायला कोण आहे? एकाच दिवशी दोन सामने असतील, तेही उघड्या सिमेंटच्या कोर्टवर, तर दुसऱ्या सामन्यात सहा जणांचा संघ दहा जणांच्या संघापुढे उतरणीला लागतो. अशी खात्रीची बातमी हाती आली तर गुणांकाने दिलेल्या टक्क्यांत पाच-दहाची काटछाट करावी. त्याहून जास्त करू नये, कारण मैदानाकडेची बातमी नेहमी खऱ्यापेक्षा मोठी होऊन येते.

अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेत हे सगळं भव्य प्रमाणावर दिसतं. मुख्य भाग ६४ संघांचा, म्हणजे ६३ सामने. सगळ्या निकालांच्या जोड्या मोजल्या तर ९२ वर १७ शून्यं इतकी भाकितं संभवतात. लाखो लोक दर मार्चमध्ये पूर्ण तक्ता भरतात, ६३ पैकी ६३ बरोबर आलेला एकही तक्ता नोंदलेला नाही. २०१९ मध्ये ओहायोतल्या एका गृहस्थांचे पहिले ४९ निकाल ओळीने बरोबर आले, पन्नासावा चुकला. तिथे अव्वल मानांकित संघ पहिल्या फेरीत सोळाव्या मानांकिताविरुद्ध सलग १३५ वेळा जिंकले होते. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. वीस गुणांनी! १३५ विजयांनंतरही शक्यता १०० टक्के नव्हती.

मग कोणाचं भाकीत चांगलं, हे ठरवायचं कसं? हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये पावसाच्या अंदाजांसारख्या भाकितांसाठी मोजपट्टी दिली, ती इथेही लागू पडते. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि संघ जिंकला, तर चूक ०.३, तिचा वर्ग ०.०९. हरला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. सगळ्या सामन्यांची सरासरी काढा. कमी तितकं चांगलं. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात, तेव्हा त्याच्या खाली यायलाच हवं. या मोजपट्टीत छातीठोकपणा महाग पडतो : ९५ टक्के म्हणून चुकलात तर एका फटक्यात ०.९०.

पैसे लावण्यासाठी हे गणित वापरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्यांच्या सामन्यावर पैसा आला की पहिला ताण खेळणाऱ्या पोरावर येतो.

पुढच्या लेखांकात रिबाउंडचं गणित घेऊ. तोवर जवळच्या कोर्टवर एखादा सामना पाहा आणि एकाच संघाचे चार रकाने आखा : फेक किती, आत किती, गमावलेले चेंडू किती, रिबाउंड किती. आणि तुमच्या भाकिताची टक्केवारी सामना सुरू व्हायच्या आधी शाईने लिहा.