वीज बिलाचा ताळेबंद

पासबुकातील प्रत्येक नोंद बारकाईने तपासणारे आपले ग्राहक वीज बिल हाती आल्यावर मात्र बहुधा दोनच गोष्टी पाहतात : भरावयाची रक्कम आणि अंतिम तारीख. अलीकडे अनेकांच्या खात्यातून ही रक्कम परस्पर वळती होते, त्यामुळे तेवढेही पाहिले जात नाही. मग एप्रिल-मे महिन्यांत बिलाचा आकडा एकदम चढतो आणि घरात सर्वांना दिवे मालविण्याची सक्त ताकीद मिळते. ज्यांचे घर निवृत्तिवेतनावर किंवा ठेवींच्या व्याजावर चालते, त्यांना अशा दोन-तीन महिन्यांत औषधपाण्याच्या तरतुदीलाही हात घालावा लागतो. अंधारात बसून ही अडचण फारशी सुटत नाही. थोडा हिशेब मांडल्यास मात्र ती बऱ्याच अंशी सुटू शकते.

बिलाची आकारणी कशी होते?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. बहुतेक राज्यांत घरगुती विजेचा दर सर्व युनिटांना सारखा नसतो. वापर वाढेल तसा पुढील युनिटांचा दर चढत जातो. महाराष्ट्रात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर अशा दरश्रेणी आहेत. इंदूर, बडोदा, हैदराबाद वा दिल्ली येथे राहणाऱ्या वाचकांना त्यांच्या बिलावर वेगळ्या श्रेणी किंवा वेगळ्या सवलती आढळतील. म्हणून आपल्या बिलाच्या मागील बाजूचा दरतक्ता एकदा तरी वाचावा.

या रचनेत ग्राहकाच्या हिताची एक गोष्ट दडलेली आहे. आपण जे युनिट वाचवितो, ते नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजेच सर्वांत महाग श्रेणीतून कमी होते. उदाहरणासाठी दर असे गृहीत धरू : पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये, पुढील २०० युनिटांना ८ रुपये आणि त्यापुढे १२ रुपये. एका कुटुंबाचा वापर ३४० युनिट असेल, तर ऊर्जा आकार ४०० अधिक १,६०० अधिक ४८०, म्हणजे २,४८० रुपये होईल. त्याच कुटुंबाने ६० युनिट वाचवून वापर २८० वर आणला, तर आकार १,८४० रुपये होईल. वापर सुमारे १८ टक्क्यांनी घटला, पण रक्कम जवळजवळ २६ टक्क्यांनी उतरली. टक्केवारीने लागणारे वीज शुल्कही त्या प्रमाणात कमी होते. स्थिर आकार मात्र वापर घटल्याने कमी होत नाही. काही राज्यांत तो मंजूर भारावर अवलंबून असतो. तेथे मंजूर भार गरजेपेक्षा अधिक नोंदविला गेला आहे काय, याची चौकशी करणे फायद्याचे ठरते.

वॅट आणि तास

हे ६० युनिट कोठून वाचवावयाचे? त्यासाठी प्रत्येक उपकरणाच्या दोन बाबी पाहाव्या लागतात : ते किती वॅटचे आहे आणि दिवसातून किती तास चालते. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास जळला, तर महिन्याला दीड युनिटाच्या आसपास वीज लागते. ७५ वॅटचा साधा छताचा पंखा रोज पंधरा तास फिरला, तर महिन्याला सुमारे ३४ युनिट लागतात. असे तीन पंखे म्हणजे शंभराहून थोडे अधिक युनिट. महाराष्ट्रातील पहिली दरश्रेणी त्यांतच संपली! दिव्याचा विनाकारण वापर टाळावाच. तथापि ज्या घरी एलईडी दिवे आधीच आले आहेत, तेथे बिलाचे गमक दिव्यांच्या बटनात राहिलेले नाही. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. तरीही ज्यांच्याकडे ६० वॅटचे पिवळे बल्ब किंवा चोक असलेल्या जुन्या जाड नळ्या आहेत, त्यांनी पहिला बदल तेथूनच करावा.

खर्चाचे खरे मानकरी दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार दीर्घकाळ चालणाऱ्या उपकरणांचा, जसे पंखा आणि फ्रीज. दुसरा प्रकार उष्णता निर्माण करणाऱ्या किंवा बाहेर टाकणाऱ्या उपकरणांचा, जसे गिझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र.

फ्रीज अहोरात्र चालू असतो. त्याची मागची बाजू भिंतीला चिकटलेली नसावी, शेजारी गॅसची शेगडी नसावी, दाराचे रबर सैल झालेले नसावे आणि पदार्थ निवल्यावरच आत ठेवावेत. दाराच्या फटीत कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला, तर रबर बदलण्याची वेळ झाली आहे असे समजावे.

गिझरच्या टाकीतील १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. दोन हजार वॅटच्या गिझरला त्यासाठी वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. तेव्हा पहाटेपासून तो चालू ठेवण्याचे कारण नाही. थर्मोस्टॅट काही अंशांनी खाली आणला आणि घरातील मंडळींच्या आंघोळी लागोपाठ उरकल्या, तर टाकीतील उष्णता वाया जात नाही.

वातानुकूलन यंत्राबाबत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे असे, की तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे २४ अंशांच्या मूळ योजनेसहच बाजारात येत आहेत. यंत्र २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद गतीने चालविल्यास शरीराला तेवढाच गारवा मिळतो. पंधरवड्यातून एकदा जाळी धुणे आणि दुपारी पडदे ओढून घेणे यांना काहीच खर्च येत नाही.

काही उपकरणे बंद दिसतात, पण बंद नसतात. रिमोटने झोपविलेला सेट टॉप बॉक्स १० वॅट घेत राहिला, तर वर्षाला ८७ युनिट खर्च होतात. भिंतीवरील बटन बंद करणे हाच यावर उपाय.

ताऱ्यांचे लेबल कसे वाचावे?

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला, त्यानुसार मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली आणि २००६ साली उपकरणांवर तारांकित लेबल लावण्याचा कार्यक्रम सुरू झाला. छताच्या पंख्यांना हे लेबल १ जानेवारी २०२३ पासून अनिवार्य झाले. ग्राहक सहसा तारे मोजून थांबतात. परंतु ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक केले जातात. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे यांची योग्यता सारखी नसते. म्हणून लेबलावरील कालावधी आणि वार्षिक वीज वापराचा आकडा अवश्य पाहावा. वातानुकूलन यंत्रावरील हा आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. ज्यांचा वापर मे महिन्यातील काही रात्रींपुरता आहे, त्यांना महाग पाच तारांकित यंत्राची किंमत वसूल होण्यास बराच काळ लागेल. नागपूरसारख्या उष्ण शहरात चार महिने यंत्र चालविणाऱ्यांना ती लवकर वसूल होईल.

खरेदी की गुंतवणूक?

कोणत्याही उपकरणाच्या दोन किमती असतात. एक दुकानात मोजावयाची, दुसरी पुढील दहा वर्षे बिलातून फेडावयाची. बीएलडीसी मोटारीचा पंखा सुमारे ३० वॅटवर चालतो. साध्या पंख्याच्या तुलनेत ४५ वॅटची बचत, रोज पंधरा तास आणि वर्षातील नऊ महिने वापर धरल्यास वर्षाला सुमारे १८० युनिट वाचतात. आपण गृहीत धरलेल्या ८ रुपये दराने ही रक्कम १,४४० रुपये होते. असा पंखा १,५०० रुपयांनी महाग पडला, तरी जादा किंमत साधारण वर्षभरात भरून निघते आणि पुढील वर्षांची बचत शिल्लक राहते. या परताव्यावर प्राप्तिकरही नाही! मात्र सर्व पंखे एकदम बदलण्याची घाई नको. जो सर्वाधिक तास फिरतो, त्यापासून आरंभ करावा. पाहुण्यांच्या खोलीतील पंखा जुनाच राहिला तरी चालेल.

छतावरील सौर संचाचा विचारही याच क्रमाने व्हावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर : मोफत वीज योजने'त पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन वा अधिक किलोवॅटसाठी एकूण ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले, संचासाठी बँकांकडून कर्जही मिळते. एक किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. घरातील वापर आधी कमी केला, तर तीनऐवजी दोन किलोवॅटचा संच पुरतो आणि कर्जाची रक्कमही घटते.

बाजारात 'प्लगमध्ये लावा आणि निम्मे बिल वाचवा' अशी जाहिरात करणाऱ्या डब्या मिळतात. त्यांपासून सावध राहावे. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतो. अशा डबीमुळे पंख्याला वा गिझरला लागणारी वीज कमी होत नाही.

एक महिन्याचा उपक्रम

येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरवरील आकडा वहीत लिहावा आणि दर रविवारी त्याच वेळी पुन्हा लिहावा. शेजारी प्रमुख उपकरणांचे वॅट आणि अंदाजे तास मांडावेत. वॅट गुणिले तास भागिले एक हजार, एवढेच गणित लागते. ते घरातील शाळकरी मुलांकडे सोपविल्यास त्यांनाही गोडी लागेल. चौथ्या रविवारी आपला वापर कोणत्या दरश्रेणीत जात आहे आणि तेथून खाली येण्यास किती युनिट कमी करावे लागतील, हे स्पष्ट दिसेल.

हा हिशेब मांडताना ज्येष्ठांचा पंखा, रुग्णाची खोली आणि मुलांच्या अभ्यासाचा दिवा यांना हात लावू नये. तेथील सुखसोय राखूनही ६० युनिट वाचविता येतात, हे वही स्वतःच दाखवून देईल. वाचलेली रक्कम खर्चात विरून जाऊ नये, यासाठी तेवढ्याच रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडावे. म्हणजे पुढील उन्हाळ्याच्या बिलाची तरतूद आधीच झालेली असेल.