सात आणि सात

एखाद्या मध्यम आकाराच्या अमेरिकी गावात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळणारे १४ जण आहेत आणि शुक्रवारी संध्याकाळी टेबले मांडणारी दुकाने दोन आहेत, असे धरून चालू. अधिकृत स्पर्धेला किमान ८ खेळाडू हवेत, ही अट वर्षानुवर्षे होती. सात जण इकडे गेले आणि सात तिकडे, तर दोन्हीकडे खुर्च्या मांडलेल्या राहतात आणि स्पर्धा कुठेच होत नाही. एकाने दुकान बदलले की एकीकडे आठ होतात, दुसरीकडे सहा उरतात, आणि ते सहा पुढच्या शुक्रवारी कुठे जातील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. संग्राह्य पत्त्यांच्या खेळांतली दुकानादुकानांतली, तसेच दुकाने आणि क्लब यांच्यातली चुरस समजून घ्यायची तर आधी हे गणित ध्यानात घ्यावे लागते. पत्ते पाकिटात विकत मिळतात. समोर बसणारा भिडू मात्र मिळवावा लागतो, आणि तो दोन ठिकाणी एकाच वेळी बसू शकत नाही.

आपल्याकडे पत्ते म्हटले की ५२ पानांचा एकच कॅट डोळ्यांसमोर येतो. इथे प्रत्येकाचा कॅट वेगळा असतो. हजारो वेगवेगळ्या पानांमधून निवडून तो खेळाडूने स्वतः रचायचा आणि दुसऱ्याने रचलेल्या कॅटशी भिडवायचा. पाने बंद पाकिटांतून मिळतात. पाकिटात काय निघेल ते ठाऊक नसते आणि काही पाने दुर्मीळच छापलेली असतात, त्यामुळे खेळाबरोबरच अदलाबदलीचा आणि सुट्या पानांच्या खरेदी-विक्रीचा बाजार उभा राहतो. या साऱ्याची सुरुवात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झाली. बोइंग कंपनीत नोकरी करणाऱ्या पीटर ॲडकिसन यांनी मित्रांसह ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ ही छोटी कंपनी काढली होती. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड एका बोर्डगेमची कल्पना घेऊन त्यांच्याकडे गेले. तो खेळ बनवणे त्या वेळी कंपनीला परवडणारे नव्हते. ॲडकिसन यांना खेळांच्या संमेलनांत दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळात खेळता येईल असे, खिशात मावणारे काहीतरी हवे होते. त्यातून मॅजिक जन्माला आले आणि ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आले. पहिल्या आवृत्तीची सुमारे २६ लाख पाने बघता बघता संपली.

म्हणजे हा खेळ मुळात दुकानासाठी घडवलेला नव्हता. लोक आधीच जिथे जमलेले असतील तिथे तो खेळायचा होता. पहिली काही वर्षे तो तसाच वाढला: विद्यापीठांची वसतिगृहे, वाचनालयांच्या खोल्या, चर्चचे सभागृह, संमेलनांचे व्हरांडे. मूळ नियमांत पैजही होती. प्रत्येकाने आपल्या कॅटमधले एक पान बाजूला ठेवायचे आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायची. ‘पत्त्यांचा क्लब’ या शब्दांनी मराठी माणसाच्या मनात जे चित्र उभे राहते, त्याच्या फार जवळ जाणारी ही गोष्ट होती. ती टिकली नाही हे बरे झाले. स्पर्धांच्या नियमांनी पैज बाहेर ठेवली आणि १९९५ नंतर पैजेचा उल्लेख असलेले नवे पान मॅजिकमध्ये छापले गेले नाही. शाळकरी मुलांचे आईवडील मुलांना दुकानात सोडून निश्चिंत मनाने घरी जाऊ लागले, त्यामागे हा निर्णय होता.

स्पर्धेला नियम लागतात, नोंद लागते. त्यासाठी कंपनीने १९९३ मध्येच ‘ड्यूलिस्ट्स कॉन्व्होकेशन’ ही संघटना काढली. पुढे ती डीसीआय या नावाने ओळखली गेली. कॅट किमान ६० पानांचा असावा, एका पानाच्या चारपेक्षा जास्त प्रती नसाव्यात, हे तिनेच ठरवले. पद्धत बुद्धिबळातून घेतली. १८९५ च्या झुरिक स्पर्धेमुळे ‘स्विस’ म्हणून रूढ झालेल्या या पद्धतीत कोणीही बाद होत नाही. दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात. महाराष्ट्रातल्या बुद्धिबळपटूंना ती सवयीची आहे. दुकानाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे, कारण पहिल्याच डावात हरलेला मुलगा घरी जात नाही. तो आणखी तीन फेऱ्या तिथेच असतो, त्याला भूक लागते, तहान लागते, आणि काचेच्या कपाटातल्या पानांकडे त्याची नजर जात राहते.

त्या काळात स्पर्धा घेणाऱ्याचे दुकान असावे अशी सक्ती नव्हती. एखादा प्राध्यापक, एखादा विद्यार्थी, क्लबचा सचिव, कोणीही नोंदणी करून अधिकृत स्पर्धा घेऊ शकत होता. क्लबचा हिशेब सरळ होता: प्रवेश फीमधून सभागृहाचे भाडे जाईल, उरलेल्यातून बक्षिसाची पाकिटे येतील. ती पाकिटे क्लब बहुधा गावातल्याच एखाद्या दुकानातून घेत असे. त्यामुळे क्लब आणि दुकान एकाच वेळी गिऱ्हाईक आणि प्रतिस्पर्धी असत. दुकानदाराला भाडे, वीज, पगार आणि पडून राहिलेला माल यांचा भार असतो. क्लबला तो नसतो, म्हणून क्लबची फी कमी आणि बक्षीस जास्त असू शकते. दुकानदाराला हा अन्याय वाटे. आपण बारा महिने दिवा लावून बसायचे आणि शनिवारी सभागृह भाड्याने घेणाऱ्याने गर्दी न्यायची. क्लबवाल्यांचीही बाजू खोटी नव्हती. नवा खेळाडू अनेकदा तेच घडवत, पहिला कॅट त्याला तेच उसना देत, नियम तेच शिकवत. आणि असा तयार खेळाडू मग वर्षानुवर्षे दुकानात पैसे खर्च करी.

२००० साली कंपनीने ‘फ्रायडे नाइट मॅजिक’ सुरू केले. दर शुक्रवारी, दुकानात, आणि बक्षीस म्हणून फक्त याच स्पर्धेत मिळणारी चकाकती पाने. शालेय वयाच्या मुलांपासून नोकरदारांपर्यंत सगळ्यांना सोयीचा वार म्हणून शुक्रवार निवडला गेला, पण त्यामुळे गावातल्या सगळ्या दुकानांची मुख्य स्पर्धा एकाच संध्याकाळी येऊन पडली. आधी एक मंगळवार सांभाळी, दुसरा शनिवार, आणि तेच खेळाडू दोन्हीकडे जात. आता निवड करणे भाग पडले. मग एकाने फी उतरवली, दुसऱ्याने शेवटच्या क्रमांकालाही एक पाकीट द्यायला सुरुवात केली, कोणी अर्धा तास आधी डाव लावला. खेळाडूंच्या दृष्टीने हे चांगले दिवस होते. दुकानदारांच्या दृष्टीने नफ्याची धार बोथट होत चालली होती, कारण कंपनीकडून येणाऱ्या नव्या पानांच्या संचाची वाटणी आधीच्या उपस्थितीवर अवलंबून असे. गर्दी कमी झाली की पुढच्या वेळी मालही कमी येणार, आणि माल कमी आला की गर्दी आणखी घटणार.

२०११ मध्ये त्यात आणखी एक वळण आले. तोपर्यंत खेळाडूंचे मानांकन बुद्धिबळातल्या एलो पद्धतीने होत असे. तिच्यात एक खोट होती: मोठ्या स्पर्धेचे आमंत्रण मिळण्याइतके गुण झाले की चांगला खेळाडू गावातल्या स्पर्धेत उतरायलाच घाबरे. एखाद्या नवशिक्याकडून हरला तर गुण घटणार. कंपनीने ही पद्धत बंद करून ‘प्लेन्सवॉकर पॉइंट्स’ आणले, ज्यात गुण फक्त वाढत, आणि शुक्रवारच्या स्पर्धेला साध्या स्पर्धेच्या तिप्पट गुण असत. दिग्गज पुन्हा गावातल्या टेबलांवर दिसू लागले. सोबत शुक्रवारची ओढाताणही वाढली.

खुद्द कंपनीनेही दुकानदारी करून पाहिली होती, हे फार लोकांना आठवत नाही. १९९७ मध्ये सिॲटलच्या युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टमध्ये तिने भव्य खेळकेंद्र उघडले. १९९९ मध्ये मॉलमधल्या ‘गेम कीपर’ दुकानांची साखळी घेतली. त्याच वर्षी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विझार्ड्स सुमारे ३२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. पोकेमॉनच्या इंग्रजी पत्त्यांचे प्रकाशनही तेव्हा विझार्ड्सकडे होते आणि शाळाशाळांत त्यांचे वेड पसरले होते. लहान दुकानदारांना आपला पुरवठादारच समोर गल्ला मांडून बसल्यासारखे झाले. २००४ च्या सुरुवातीपर्यंत कंपनीने ही सारी दुकाने बंद केली. पानांची छपाई हा एक धंदा आहे आणि मुलांनी भरलेली खोली रात्री अकरापर्यंत सांभाळणे हा दुसरा, हे त्या सहा-सात वर्षांत दिसून आले.

नंतरच्या काळात कंपनीने मान्यतेची दोरी दुकानांच्या बाजूने घट्ट ओढली. तिच्या ‘विझार्ड्स प्ले नेटवर्क’मध्ये येण्यासाठी आज खरोखरीचे, रस्त्यावर पाटी असलेले दुकान लागते. नवा संच बाजारात येण्याआधीची ‘प्रीरिलीज’ स्पर्धा पूर्वी मोठ्या सभागृहांत प्रादेशिक आयोजक घेत. ती दुकानांत आली. क्लबांच्या हातून अधिकृत स्पर्धा गेल्या. दुकान जगले तर खेळ जगतो, हा कंपनीचा विचार समजण्यासारखा आहे. पण जिथे पत्त्यांचे दुकान चालण्याएवढी वस्तीच नाही, अशा गावांत क्लब हाच एकमेव आधार होता. तिथल्या मुलांना अधिकृत स्पर्धेसाठी दूरच्या शहरात जावे लागू लागले, आणि हे नुकसान कुठल्याही विक्रीच्या आकड्यात दिसत नाही.

क्लब मात्र संपले नाहीत. दुकानाला परवडणार नाही असे काहीतरी त्यांच्याकडे होते. मॅजिकमधली ‘ब्लॅक लोटस’सारखी सर्वांत बलवान नऊ पाने १९९३ च्या संचांतच छापली गेली. काही जुनी पाने पुन्हा कधीच छापणार नाही, असे वचन कंपनीने १९९६ मध्ये संग्राहकांना दिले, आणि ही पाने त्या यादीत आहेत. त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या. अधिकृत स्पर्धेत खरेच पान लागते. अनधिकृत स्पर्धांत मात्र ‘प्रॉक्सी’ चालते, म्हणजे एखाद्या साध्या पानावर पेनाने महागड्या पानाचे नाव लिहून ते खेळायचे. अमेरिकेत दोन हजारच्या दशकात अशा स्पर्धांत दहा-पंधरा प्रॉक्सी चालतील असे जाहीर केले जाई, आणि लोक दुरून येत. दुकानदाराची इथे कोंडी होते. तो पाने विकून जगतो. कागदावर नाव लिहिलेले पान चालेल असे त्याने म्हटले तर त्याच्याच कपाटातल्या मालाचे काय?

स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या काही मित्रांनी याच्या उलट्या टोकाला जाऊन क्लबचे राज्य उभे केले. फक्त १९९३ आणि १९९४ च्या पानांनी खेळायचे, आणि तीही मूळ छपाईची. या ‘ओल्ड स्कूल’ प्रकाराला कंपनीची मान्यता नाही, रोख बक्षीस नाही. त्यांचा ‘नूबकॉन’ हा मेळावा दरवर्षी ईस्टरच्या सुमारास पबमध्ये भरतो. विजेत्याला मिळते ते ‘जायंट शार्क’ नावाचे एक अगदी मामुली पान, ज्यावर सहभागी खेळाडूंनी सह्या केलेल्या असतात. लाखमोलाची पाने टेबलावर मांडून माणसे त्या शार्कसाठी झुंजतात.

पोकेमॉनने चुरशीची निराळी घडी घातली आहे. दुकानांत होणाऱ्या ‘लीग चॅलेंज’ आणि ‘लीग कप’ या स्पर्धांतून जागतिक अजिंक्यपदासाठीचे गुण मिळतात. एका दुकानाला एका हंगामात अशा स्पर्धा मोजक्याच घेता येतात. त्यामुळे गुण हवे असलेला मुलगा आपले ‘घरचे’ दुकान सोडून आसपासच्या प्रत्येक दुकानात जातो. दुकानदारांना तारखा एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रतिस्पर्ध्याशी बोलणे भाग पडते. फोन करायला कोणी सांगितलेले नसते, पण एकाच रविवारी दोन कप ठेवले तर दोन्ही अर्धे रिकामे राहतात, हे पहिल्या हंगामातच कळते.

जपानमध्ये दुकान आणि क्लब यांची सीमाच पुसट आहे. तिथल्या अनेक दुकानांत ‘ड्युएल स्पेस’ म्हणजे खेळायची जागा असते: बसा, खेळा. २००७ चा मॅजिकमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तोमोहारू साइतो याने टोकियोत ‘हारेरुया’ हे दुकान काढले. ताकादानोबाबा भागातले त्याचे खेळायचे दालन जगभरच्या खेळाडूंना ठाऊक आहे. खेळाडूंचा विश्वास असलेला माणूस गल्ल्यावर बसला की काय होते, याचे ते ठळक उदाहरण. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रोनोक इथल्या ‘स्टार सिटी गेम्स’ने २००९ पासून स्वतःची खुली स्पर्धामालिका शहरोशहरी नेली, आणि एका दुकानाच्या स्पर्धेला लोक विमानाने जाऊ लागले.

दरम्यान सुट्या पानांचा भाव ठरवणे दुकानांच्या हातून निसटले होते. अमेरिकेत टीसीजीप्लेयर आणि युरोपात कार्डमार्केट यांच्यावर कोणत्याही पानाची सर्वांत कमी किंमत क्षणात दिसते. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे दुकानांतल्या अधिकृत स्पर्धा थांबल्या. अमेरिकेत त्या पुन्हा सुरू व्हायला २०२१ चा मे उजाडला. लोक परतले तेव्हा त्यांना स्पर्धेपेक्षा ‘कमांडर’ हवे होते: १०० पानांचा कॅट, चौघांचा डाव, जिंकण्या-हरण्याइतकेच गप्पांना महत्त्व. चौघे जमले की पुरे, आठांची वाट पाहायला नको. घरच्या टेबलावरही हा डाव तितकाच रंगतो. मग दुकानाकडे विकायला उरते काय? बसायची जागा, चांगला उजेड, स्वच्छ बाथरूम, आणि नवख्याला चौथा भिडू म्हणून कुठल्या तरी टेबलावर बसवून देणारा दुकानदार. काही दुकाने आता टेबलाचेच शुल्क घेतात, काही चहा-कॉफीवर तगून आहेत. क्लब पूर्वी ज्याची काळजी घेत, त्याचीच ती आता घेऊ लागली आहेत.

कमांडरचे नियम मुळात अलास्कातल्या हौशी मंडळींच्या घरगुती डावांतून आले होते. शेल्डन मेनरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची समिती ते स्वयंसेवक म्हणून सांभाळे. मेनरी २०२३ मध्ये वारले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी या समितीने ‘मॅना क्रिप्ट’ आणि ‘ज्युवेल्ड लोटस’सह चार पानांवर बंदी घातली. पहिल्या दोन पानांचे भाव त्याच दिवशी कोसळले, आणि ज्या दुकानांच्या कपाटांत ती होती त्यांच्या मालाची किंमतही. संतापलेल्या लोकांनी समितीच्या सदस्यांना धमक्या दिल्या. पगार न घेता, खेळावरच्या प्रेमापोटी काम करणाऱ्या माणसांना हे सोसावे लागले. आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, कमांडरचा कारभार विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे गेला.